मुलीला सायकल दिलीत, आता रस्ता द्या!

बुलढाणा जिल्ह्यातल्या धामणगाव बढे आणि आसपासच्या खेड्यांतून सकाळी शाळेला निघणाऱ्या मुलीला घरातून एकच सूचना मिळते. "कडंकडंनं जाजो, माय." आई सांगते, आजी सांगते, निंदायला निघालेली शेजारीण सांगते. आम्ही विचारतो, कुठल्या कडेने? या भागातल्या रस्त्यांवर उभे राहा आणि ती कड आम्हाला दाखवा. डांबरावर डांबराचे थर चढत गेले, रस्ता दर वेळी दोन बोटे उंच झाला आणि साइडपट्टी होती तिथेच खाली राहिली. तिच्यावर मुरूम टाकायचा असतो, पाणी मारून तो दाबायचा असतो. पहिल्या पावसात वाहून जाईल इतका मुरूम जिथे पडला, तिथे साइडपट्टी झाली असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

मग काय घडते ते जवळून पाहा. तेरा-चौदा वर्षांची मुलगी. पाठीवर दप्तर, हँडलला डब्याची पिशवी, कॅरिअरवर मैत्रीण. मागून रेतीचा टिप्पर येतो आणि लांबूनच प्रेशर हॉर्न सुरू होतो. समोरून कापसाची गाडी, दोन्ही बाजूंनी माल बाहेर आलेला. दोघांपैकी कोणीही वेग कमी करत नाही. मुलीला डांबर सोडून खाली उतरावेच लागते. डांबराची कड वीतभर उंच, खाली सुटलेली गिट्टी. पुढचे चाक गिट्टीत रुतते, हँडल फिरते, आणि ती कोणत्या बाजूला पडते एवढ्यावर तिचे आयुष्य ठरते. बाभळीच्या बाजूला पडली तर कोपर सोलवटते, चेन पडते, पहिला तास बुडतो. डांबराच्या बाजूला पडली तर दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळींची बातमी येते आणि त्या चार ओळींत 'अज्ञात वाहन' हे दोन शब्द असतात. अशा अज्ञात वाहनाखाली माणूस गेला तर त्याच्या घरच्यांना केंद्र सरकारच्या योजनेतून दोन लाख रुपये मिळतात. 1 एप्रिल 2022 पूर्वी ही रक्कम 25 हजार होती. मेल्यानंतरचा भाव आठ पटींनी वाढला. जिवंतपणी मिळायला हवी ती हातभर रुंद, सपाट, घट्ट पट्टी मात्र अजून मिळालेली नाही.

हा प्रश्न आम्ही आज मांडतो आहोत त्याला कारण आहे. सायकल ही या मुलींची हौस नव्हे. ती त्यांना सरकारनेच दिलेली आहे. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या 125 मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकलीसाठी अनुदान मिळते. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले तालुके त्यात आहेत. 2022 साली ही रक्कम साडेतीन हजारांवरून पाच हजार करण्यात आली. योजना उत्तम आहे, तिचे आम्ही मनापासून स्वागत करतो आणि ती बंद पडू नये म्हणून भांडायलाही तयार आहोत. पण सरकार त्या मुलीकडून सायकल घेतल्याची पावती मागते. मग त्या मुलीने सरकारकडे रस्त्याची पावती मागितली तर काय दाखवाल? पाच किलोमीटरचा हा नियम तुम्हीच केलात. या पाच किलोमीटरवर ती रोज दोनदा सायकल चालवणार हे तुम्हीच ठरवलेत. मग ते पाच किलोमीटर तिच्या चाकाला साजेसे आहेत की नाहीत, हे पाहण्याची जबाबदारी कुणाची होती?

सायकलीने मुलगी कुठवर जाते, हे बिहारने दाखवून दिले आहे. तिथे 2006 साली नववीच्या मुलींना सायकली देण्याची योजना सुरू झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या दोन अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला, तो 2017 साली प्रसिद्ध झाला. माध्यमिक शाळेत योग्य वयात दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण 32 टक्क्यांनी वाढले आणि मुलगा-मुलगी यांच्यातली या बाबतीतली दरी 40 टक्क्यांनी आटली, असे त्यांना आढळले. मुलीच्या शाळेच्या आड घराचा उंबरठा येतो हे आपण शंभर-दीडशे वर्षे बोलत आलो. उंबरठ्यापलीकडचे तीन-चार किलोमीटरही तितकेच आड येतात, हे त्या अभ्यासाने आकड्यांत मांडले.

आणि हे बुलढाणा जिल्ह्याला कोणी बाहेरून येऊन शिकवायला हवे का? जिजाऊंचे जन्मस्थान सिंदखेडराजा याच जिल्ह्यात. मातृतीर्थ म्हणून आपण अभिमानाने मिरवतो, 12 जानेवारीला लाखोंनी तिथे जमतो. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 1882 साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून अख्ख्या महाराष्ट्रातल्या पुरुषांना जाब विचारला. त्या काळात इथे बसून एका बाईने ते धाडस केले. त्या जिल्ह्यातल्या पोरींना 2020 नंतरच्या दशकात शाळेत जाताना टिप्परला घाबरून गटारात उतरावे लागत असेल, तर जयंत्यांना घातलेले सगळे हार आम्हाला बोचतात.

आता थोडा हिशेब मांडू, कारण अधिकारी मंडळींना भावना नको असतात, माप हवे असते. ग्रामसडक योजनेच्या रस्त्याची डांबरी रुंदी साधारण 3.75 मीटर धरली जाते. मालमोटारीची रुंदी कायद्याने 2.6 मीटरपर्यंत असू शकते. उरले 1.15 मीटर, तेही ती मोटार पलीकडच्या कडेला पूर्ण चिकटून गेली तर. सायकल, तिचे हँडल आणि चालवणाऱ्याची कोपरे यांना मिळून पाऊण ते एक मीटर जागा लागते. जर्मनीत सायकलस्वाराला ओलांडून जाताना गावात किमान दीड मीटर आणि गावाबाहेर दोन मीटर अंतर सोडण्याचे बंधन आहे. आपल्या रस्त्यावर ते अंतर सोडायचे म्हटले तर मोटारीलाच डांबर सोडून खाली उतरावे लागेल. म्हणजे या रुंदीच्या रस्त्यावर मोठे वाहन आणि सायकल शेजारी शेजारी सुखरूप जाऊच शकत नाहीत. तिथे साइडपट्टी हाच सायकलमार्ग आहे. पुण्यामुंबईत वेगळा रंगवलेला ट्रॅक लागेल. खेड्यात डांबराला समपातळीत जोडलेली, दाबलेली, झुडपे तोडलेली मीटर-दीड मीटरची पट्टी लागते. तिच्याशिवाय केलेला रस्ता अर्धवट आहे आणि अर्धवट कामाचे पूर्ण बिल निघता कामा नये.

यावर ठरलेले उत्तर येते: रस्ता रुंद करू, चौपदरी करू, सगळे प्रश्न सुटतील. सुटणार नाहीत. नुसता रुंद केलेला रस्ता वेग वाढवतो, आणि मरण वेगाबरोबर येते. सरासरी वेग एक टक्का वाढला की प्राणघातक अपघाताचा धोका सुमारे चार टक्के वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. फेब्रुवारी 2020 मध्ये स्टॉकहोमला जगभरच्या देशांच्या प्रतिनिधींनी एकत्र येऊन जाहीर केले, की जिथे पायी आणि सायकलवर चालणारी माणसे आणि मोटारी एकाच रस्त्यावर असतात तिथे वेग ताशी 30 किलोमीटरच्या वर नको. धामणगाव बढ्याच्या वस्तीतून जाणारा रस्ता याच व्याख्येत बसतो. शाळा, दवाखाना, बाजार, देवळे, मशिदी, पानटपऱ्या सगळे त्याच्या दोन्ही अंगांना. तिथे 30 चा फलक नको तर कुठे हवा?

डांबर टाकण्याचा वेग मात्र आपल्याला जमतो. जून 2022 मध्ये अमरावती ते अकोला महामार्गावर 75 किलोमीटरचा डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत टाकून जागतिक विक्रम झाला. आपल्याच वऱ्हाडात झाला. समृद्धी महामार्ग याच जिल्ह्याच्या अंगणातून गेला, 701 किलोमीटर, त्यावर हजारो कोटी रुपये खर्च झाले. त्या कामांमागची हुशारी आणि मेहनत आम्ही नाकारत नाही. उलट त्याच हुशारीची शपथ घालून विचारतो: 75 किलोमीटर डांबर पाच दिवसांत टाकू शकणाऱ्या राज्याला पाच किलोमीटरची साइडपट्टी भरायला किती वर्षे लागावीत?

देशात 2022 साली रस्त्यांवर 1 लाख 68 हजार 491 माणसे मेली. त्यांत पायी चालणारे साडेबत्तीस हजारांहून अधिक, सायकलवरचे पावणेपाच हजारांहून अधिक. ही केंद्र सरकारची अधिकृत आकडेवारी आहे. गुडघे फुटलेल्या, हात मोडलेल्या आणि नंतर घरच्यांनी 'नको ती सायकल, नको ती शाळा' म्हणून घरी बसवलेल्या मुली कुठल्याच आकड्यात येत नाहीत. आम्हाला सर्वांत जास्त चीड त्याची आहे. अपघात झाला नाही तरी अपघाताच्या भीतीनेच शाळा सुटते. कॉलेज दूर आहे, रस्ता वाईट आहे, मग स्थळ पाहा. इतक्या सरळ वाटेने रस्त्याचा खड्डा मुलीच्या लग्नापर्यंत जाऊन पोहोचतो.

शहरांनी तरी वाट दाखवावी, तर तिथलेही चित्र फार वेगळे नाही. पुणे हे एके काळी सायकलींचे शहर. कारखान्याच्या भोंग्याबरोबर सायकलींचा लोंढा रस्त्यावर उतरायचा. महापालिकेने डिसेंबर 2017 मध्ये शहराचा सायकल आराखडा मंजूर केला, त्याआधीही ट्रॅक बांधले. आज त्यांतल्या कितीतरी ट्रॅकवर मोटारी उभ्या असतात, मध्येच विजेचा खांब येतो, ट्रॅक भिंतीला जाऊन संपतो. मुंबईत पवई तलावाच्या काठाने सायकल ट्रॅक बांधायला घेतला, तो मे 2022 मध्ये उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवून काढायला लावला. तलावाकाठी फेरफटका मारणाऱ्यांसाठी ट्रॅक सुचतो. सायकलला डबे लटकवून रोज ऊन-पावसात धावणाऱ्या डबेवाल्याला, दूध आणि पेपर टाकणाऱ्या पोराला, बांधकामावर जाणाऱ्या मजुराला सुरक्षित पट्टी द्यावी हे सुचत नाही. नागपूर आणि पिंपरी-चिंचवड या शहरांनी 2021 साली केंद्राच्या सायकल स्पर्धेत बक्षीस मिळवले, ते चांगलेच झाले. पण सायकल ही रविवारच्या सकाळची मौज म्हणून जोवर पाहिली जाईल, तोवर सोमवारी सायकलवर कामाला निघालेला माणूस कोणाच्या नकाशात येणार नाही. 2011 च्या जनगणनेत देशातल्या जवळपास 45 टक्के घरांत सायकल होती, मोटारगाडी पाच टक्क्यांच्याही खाली होती. रस्ते कुणासाठी बांधले गेले ते सांगायला नको.

"आता कोण चालवतो सायकल, सगळ्यांकडे गाड्या आल्या," असे म्हणणाऱ्यांना आमचे सांगणे आहे, की गाडी तुमच्या घरातल्या बापाकडे आणि मुलाकडे आली. मुलीकडे, शेतमजूर बाईकडे, दुसऱ्याच्या वावरात सोयाबीन सोंगायला जाणाऱ्या माणसाकडे आली नाही. पेट्रोल लिटरला शंभरीपार गेल्यावर ती सहज येणारही नाही. आणि ज्या घरांनी पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या हातात मोटारसायकलची किल्ली दिली आहे त्यांनी 2019 च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याचे कलम 199अ वाचावे. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि 25 हजार रुपये दंड आहे.

त्याच दुरुस्तीने आणखी एक कलम आणले, 198अ. रस्त्याचे आरेखन, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे केली नाही आणि त्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले तर ठेकेदार, सल्लागार, जबाबदार यंत्रणा यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे कलम पुस्तकात ठेवण्यासाठी केलेले नाही. सायकलस्वार पडून मेला की पोलीस पंचनाम्यात वाहनाचा नंबर आणि चालकाचे नाव शोधतात. त्याच पंचनाम्यात डांबराच्या कडेची उंची टेपने मोजून लिहा. खड्ड्याची लांबी-रुंदी-खोली लिहा. दिवे होते की नव्हते, फलक होता की नव्हता, ते लिहा. धामणगाव बढ्याला स्वतःचे पोलीस ठाणे आहे. ही सुरुवात या ठाण्याने करावी, जिल्ह्यात कोणी केली नसेल तरी.

गतिरोधकांचे तेच. इंडियन रोड्स काँग्रेसने गतिरोधकाचे माप ठरवून दिले आहे: 3.7 मीटर लांबी, मधोमध दहा सेंटिमीटर उंची, चढ सावकाश. आपल्याकडे एका रात्रीत सिमेंटचा आडवा बंधारा घातला जातो, ना पांढरे पट्टे, ना फलक. टिप्पर त्यावरून उडी मारून जातो, सायकलवरची मुलगी आपटते, आणि दवाखान्यात निघालेल्या बाळंतिणीचे हाल होतात. शाळेसमोर गतिरोधक हवाच, मापात हवा.

विचारायला गेले की गोल फिरवतात. मोठा रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा, मधला जिल्हा परिषदेचा, गल्लीतला ग्रामपंचायतीचा, रहदारी पोलिसांची. मुलगी घरापासून शाळेपर्यंत चार खात्यांच्या हद्दी ओलांडते आणि एकाही खात्याच्या नजरेस पडत नाही. यासाठीच कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा रस्ता सुरक्षा समिती दिली आहे, जिथे हे सगळे एका टेबलाभोवती बसतात. त्या टेबलावर महामार्गावरच्या अपघाती जागांबरोबर शाळेच्या वाटाही आल्या पाहिजेत.

लोकांनाही सोडून चालणार नाही, कारण अर्धा रस्ता आपणच खाल्ला आहे. दिवाळीच्या आगेमागे मका आणि सोयाबीन डांबरावर वाळत घालतो, त्याभोवती दगडांची रांग लावतो आणि माल उचलल्यावर दगड तिथेच टाकून जातो. रात्री त्या दगडांवर सायकल जाते. दुकानाचे शेड साइडपट्टीवर, पाट्या तिच्यावर, मोटारसायकली तिच्यावर, लग्नाचा मांडव थेट रस्त्यात. खळ्याला जागा उरली नाही ही शेतकऱ्याची अडचण खरी आहे. ग्रामपंचायतीने वाळवणासाठी सिमेंटचे ओटे बांधून द्यावेत. पण तोवर मुलीच्या वाटेवरचा दगड उचलायला कोणत्या निधीची वाट पाहायची? आपल्याच मोताळा तालुक्यातल्या सिंदखेड गावाने श्रमदान करून 2018 च्या वॉटर कप स्पर्धेत राज्यात वरचा क्रमांक मिळवला. पाण्यासाठी जी माणसे पहाटे टिकाव-फावडी घेऊन निघाली, ती दोन सकाळी मुलींच्या रस्त्यासाठी निघणार नाहीत असे आम्ही मानत नाही. बाभळी तोडणे, गिट्टी झाडणे आपल्या हातातले आहे. मुरूम टाकून रोलर फिरवणे सरकारचे काम आहे, ते आपण अंगावर घेऊ नये.

आज सायकलींचा देश म्हणून ज्याचे नाव घेतात त्या नेदरलँड्समध्येही मोटारींनी एके काळी असाच धुमाकूळ घातला होता. 1971 साली तिथे रस्त्यांवर सुमारे 3,300 माणसे मेली, त्यांत 400 हून जास्त मुले होती. फिक लांगेनहॉफ नावाच्या पत्रकाराची लहान मुलगी शाळेला सायकलवर जाताना मोटारीखाली सापडली. त्याने वृत्तपत्रात लेख लिहिला, त्याचा मथळाच होता: मुलांच्या हत्या थांबवा. त्या मथळ्याची चळवळ झाली. आई-बाप मुलांना घेऊन रस्त्यावर बसले, सायकलींचे मोर्चे निघाले, सरकार हलले, आणि नंतरच्या वर्षांत तिथे सायकलचे वेगळे रस्ते झाले. ती माणसे जन्मजात शिस्तीची म्हणून ते झाले नाही. ती चिडली म्हणून झाले.

आम्हालाही तीच चीड इथे हवी आहे, आणि ती एका ठरावात उतरलेली हवी आहे. धामणगाव बढ्याच्या हद्दीत वेगमर्यादा 30, तिची अधिसूचना आणि दोन्ही टोकांना फलक. शाळेकडे येणाऱ्या प्रत्येक रस्त्याला पाच किलोमीटरपर्यंत समपातळीतली साइडपट्टी, आणि पुढच्या प्रत्येक डांबरीकरणात ती आधी, डांबर नंतर. शाळा भरण्याच्या आणि सुटण्याच्या वेळी गावातून जड वाहनांना बंदी. शाळेत सायकलींसाठी छपराचे स्टँड, हवेचा पंप, आणि अनुदानातल्या प्रत्येक सायकलीला मागे रिफ्लेक्टर. हिवाळ्यात शिकवणी संपते तेव्हा अंधार झालेला असतो, म्हणून वाटेवर दिवे. यातली कोणतीही गोष्ट कोट्यवधींची नाही. आणि शेवटची अट: या रस्त्यांच्या अंतिम देयकावर सही करण्याआधी संबंधित अभियंत्याने शाळा भरण्याच्या वेळी, मुलींच्या बरोबरीने, सायकलवरून तो रस्ता एकदा पार करावा. कड ठीक असेल तर त्यांना भीती वाटायचे कारण नाही.

ग्रामसभेच्या आधी गावातल्या महिलांची वेगळी सभा घेण्याची तरतूद ग्रामपंचायत कायद्यात आहे. येत्या महिला सभेला रोज सायकल चालवणाऱ्या मुलींना आयांनी बरोबर घेऊन यावे. कोणत्या वळणावर गिट्टी आहे, कुठे पथदिवा बंद आहे, कुठला टिप्पर किती वाजता येतो, हे त्यांना तोंडपाठ आहे. त्यांनी बोलावे, ग्रामपंचायत अधिकाऱ्याने ते इतिवृत्तात शब्दशः लिहावे, आणि त्याची शिक्क्यासह प्रत हातात पडल्याशिवाय एकाही बाईने सभा सोडू नये.